विलंबाचे कारण: नाही

आठवाजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दाराच्या पाटीवर आहे, पण पाटीवर वर्षाचे चार महिने बर्फ असतो आणि उरलेले आठ महिने ती वाचायची कुणाला गरज पडत नाही. हिवाळ्यात रोज सकाळी आठच्या ठोक्याला हा माणूस हवामान केंद्राच्या अंगणात उभा राहून एका दांड्याचा फोटो काढतो, म्हणून सगळं गाव त्यांना आठवाजे काका म्हणतं. समोरचा बेकरीवाला काकांकडे बघून दुकानातलं घड्याळ लावतो. एकदा घड्याळात आणि काकांमध्ये दोन मिनिटांचा फरक पडला, तेव्हा बेकरीवाल्याने क्षणाचाही विचार न करता घड्याळ दुरुस्तीला टाकलं.

दांड्याबद्दल सांगायला हवं. दोन मीटर उंच, पांढरा, दर दहा सेंटिमीटरवर एक काळी रेघ. तो अंगणाच्या मधोमध रोवलेला आहे आणि बर्फ किती साचला हे त्याच्यावरून कळतं. फोटो काढायचा, मुख्य कार्यालयाला पाठवायचा आणि सोबत एक तक्ता भरायचा. तारीख, वेळ, बर्फाची उंची, आणि अगदी शेवटी एक चिंचोळा रकाना, 'विलंबाचे कारण'.

ह्या रकान्यात काका रोज एकच शब्द लिहीत. 'नाही'.

हिवाळ्याचे एकशे वीस दिवस, असे बारा हिवाळे होत आले, आणि एकदाही वेगळा शब्द नाही. ताप होता, तरी 'नाही'. दाढ सुजून गालाचा फुगा झाला होता, तरी 'नाही'. एका सकाळी घराचं दार बर्फाने बाहेरून बंद झालं, तेव्हा काका स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी डोकं, मग पोट, मग बराच वेळ काहीच नाही आणि शेवटी पाय अशा क्रमाने बाहेर पडले आणि आठला फोटो काढला. पलीकडच्या डोंगरावरच्या केंद्रातला माणूस ह्या बाबतीत त्यांच्या तोडीचा होता. पण सातव्या हिवाळ्यात त्याला एक दिवस झोप लागली आणि त्याने रकान्यात 'गजर वाजला नाही' असं लिहिलं. काकांनी ती बातमी काकूंना सांगितली तेव्हा आवाज हळहळीचा होता, पण चेहरा लग्नातल्यापेक्षा जास्त खुलला होता.

कार्यालयाचा नियम कडक. एकच कॅमेरा, एकच जागा, एकच वेळ. मोबाइलवर काढलेला फोटो तिथे कुणी उघडूनही बघत नाही. अंगणात एक फरशी आहे आणि तिच्यावर दोन पावलं रंगवलेली आहेत. त्या पावलांवर काकांनी उभं राहायचं. दांड्याभोवती कुंपण, आणि कुंपणाच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही, कारण बर्फ तुडवला तर उंची चुकते. चिमणी उतरली तरी काका खिडकीतून खेकसत. बायकोलाही बारा वर्षांत आत पाऊल टाकू दिलेलं नव्हतं.

आणि कॅमेरा म्हणजे तर काकांचा जीव की प्राण. त्याला ते तळहाताच्या फोडासारखे जपत. पण जपण्याची त्यांची तऱ्हा अशी, की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं त्या कॅमेऱ्याशी जुनं वैर आहे. हिवाळा सुरू झाला की चार महिने कॅमेरा घरात यायचा नाही म्हणजे नाही. बाहेरचं दार आणि घराचं दार ह्यांच्यामध्ये एक कोंदट खोली होती, तिला घरात गारखोली म्हणत. तिथे एका स्टुलावर, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून कॅमेरा ठेवलेला असे. आत यायची ती फक्त बॅटरी आणि कार्ड.

"थंडी शत्रू नाही, ऊब शत्रू आहे," हे काकांचं लाडकं वाक्य. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पाण्याचा पाइप दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही, ते थांबवून समजावत. "तुम्ही बाहेरून आत आलात की चष्म्यावर वाफ बसते ना? तसंच. गार कॅमेरा उबेत आणला की त्याला बाहेरून तर घाम येतोच, पण आतूनही येतो. बाहेरचा पुसता येतो. आतला कोण पुसणार?" प्लंबर म्हणाला, मी चष्मा लावत नाही. काकांनी त्याला स्वतःचा चष्मा लावून बाहेर पाठवलं आणि परत आत बोलावलं.

बॅटरीची तऱ्हा बरोबर उलटी. तिला थंडी सोसत नाही, लगेच मान टाकते. म्हणून काकूंनी काकांच्या बनियनला आतून दोन खिसे शिवून दिले होते. डावीकडे आजची बॅटरी, उजवीकडे राखीव. एकदा खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले असताना डॉक्टरांनी छातीवर नळी टेकवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "इथे कडक काय लागतंय?" काका शांतपणे म्हणाले, "राखीव आहे. चालू दुसऱ्या बाजूला." डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि खोकल्याचं औषध तसंच लिहून दिलं.

फोटो काढताना काका श्वास रोखून धरत. तोंडाची वाफ काचेवर जाऊ नये म्हणून. पावलांवर उभं राहायचं, बॅटरी घालायची, छाती भरून घ्यायची आणि कॅमेरा डोळ्याला लावायचा. ठोका पडेपर्यंत चेहरा आधी लाल, मग जांभळा. नवी पोस्टमनबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा तिला वाटलं, म्हातारा गेला. तिने पिशवी टाकून काकांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. त्या दिवशीचा दांडा फोटोत जरा कलला आहे. वेळ मात्र आठच आहे.

आता काकूंबद्दल. काकू विणतात. हातमोजे, टोपरी, चहाच्या किटलीला झगा, काय वाट्टेल ते. काकांच्या हातमोज्यांची टोकं त्यांनीच कापून दिली होती, बटण दाबता यावं म्हणून. कॅमेऱ्याला एक टोपरं विणलं होतं, वर गोंड्यासकट. गोंडा काकांना पसंत नव्हता, कारण सरकारी वस्तूला गोंडा शोभत नाही. पण काकू म्हणाल्या, गोंडा कापला तर टोपरंही मिळणार नाही. गोंडा राहिला.

तीन हिवाळ्यांपूर्वी काकूंनी काकांसाठी एक मफलर विणला. लाल पट्टा, पिवळा पट्टा, परत लाल, परत पिवळा, आणि लांबी अशी, की दोन माणसांनी वाटून घ्यावा. विणताना त्या दर थोड्या वेळाने एक पत्र्याची पट्टी लावून बघत होत्या. दांड्याची जुनी पट्टी निखळली होती, तिचा तो दहा सेंटिमीटरचा तुकडा.

"मफलर गळ्याभोवती गुंडाळायचा," काका म्हणाले होते. "त्याला मोजमाप कशाला?"

"तुमच्या दांड्याला मोजमाप लागतं, मग माझ्या मफलरला का नको?" काकूंनी विचारलं होतं.

काकांनी तो मफलर एकदाही घातला नाही. इतका भडक मफलर घालून पावलांवर उभं राहिलं तर गाव काय म्हणेल, हा त्यांचा प्रश्न. खिडकीतून पायांआधी डोकं काढणाऱ्या माणसाने गाव काय म्हणेल ह्याची काळजी करावी, हे मला तरी पटत नाही, पण माणूस आहे.

काकूंची एकच तक्रार होती आणि ती त्या वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी करत. "एवढे फोटो काढलेत त्या दांड्याचे. माझा एक तरी काढा."

"अगं, कॅमेरा ऑफिसचा आहे."

"मग ऑफिसच्या फोटोतच उभी राहते कोपऱ्यात. फक्त केस विंचरायला वेळ द्या."

"तू केस विंचरत बसलीस तर आठ वाजून जातील," काका म्हणत, आणि विषय पुढच्या हिवाळ्यापर्यंत संपे. घरात काकूंचा फोटो एकच होता, लग्नातला. त्यात त्यांच्या तोंडासमोर कुणाचा तरी हात आलेला आहे. हात कुणाचा ह्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांत अजून एकमत नाही.

तर बाराव्या हिवाळ्याची गोष्ट. हा काकांचा शेवटचा हिवाळा. ते निवृत्त होणार होते आणि पुढच्या वर्षापासून दांड्याच्या जागी एक यंत्र बसणार होतं, जे स्वतःच मोजतं आणि स्वतःच कळवतं. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "काका, सगळ्या केंद्रांत बारा हिवाळे एकही विलंब नसलेली फाइल तुमची एकट्याची होईल. अखेरपर्यंत जपा." फोन ठेवल्यावर काका उगाचच अंगणात जाऊन दांड्याकडे बघून आले. आयुष्यात त्यांना कशातच पहिला नंबर मिळाला नव्हता. शाळेत नाही, धावण्यात नाही, चार भावांत तर नाहीच नाही. हा एक मिळत होता, आणि आता फक्त शेवटचा आठवडा काढायचा होता.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे काकूंच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, दात शाबूत, आणि जगातल्या यच्चयावत वस्तूंना थंडी वाजते असा ठाम समज. मागच्या खेपेला त्यांनी नळाला दुलई गुंडाळली होती. त्याआधी भिंतीवरच्या घड्याळाला शाल. त्यांच्याजवळ एक गरम पाण्याची रबरी पिशवी असते. ती त्या कुणाच्याही अंगावर न विचारता ठेवतात. आल्या आल्या त्यांची नजर गारखोलीतल्या स्टुलावर गेली.

"जावईबापू, ह्या बिचाऱ्याला इथे का ठेवलंय?"

"आई, त्याला थंडी चालते. ऊब चालत नाही." काकांनी सगळं समजावलं. वाफ, घाम, आतला घाम. स्वतःचा चष्माही त्यांच्या नाकावर लावून आत-बाहेर करून दाखवलं. सासूबाईंनी मान डोलावली. त्यांची मान डोलते तेव्हा त्यांना काहीच पटलेलं नसतं, हे काकूंना पन्नास वर्षांपासून माहीत आहे. काकांना ते अजून माहीत नव्हतं.

"म्हणजे आपण आत बसून चहा प्यायचा," सासूबाई लेकीला हळूच म्हणाल्या, "आणि ते टोपरं घातलेलं लेकरू बाहेर कुडकुडणार."

"आई, तो कॅमेरा आहे."

"मग टोपरं कशाला घातलंय?"

काकूंनी किटली शेगडीवर चढवली.

हिवाळ्याचे तीन दिवस राहिले होते त्या सकाळी काका सव्वासातला उठले, बनियनच्या डाव्या खिशात बॅटरी घातली, बूट चढवले आणि गारखोलीत आले. स्टूल रिकामं. पिशवी खाली, तोंड उघडं. काका स्वयंपाकघरात धावले.

शेगडीजवळ, उकळत्या किटलीच्या शेजारी, सासूबाई पाटावर बसल्या होत्या. मांडीवर शाल. शालीत रबरी पिशवी. रबरी पिशवीवर कॅमेरा, गोंडा वर काढून. त्या त्याला हलकेच थोपटत होत्या.

"पहाटेपासून बसलेय," त्या प्रेमाने म्हणाल्या. "बर्फासारखा गार पडला होता हो. आता कुठे अंगात धुगधुगी आलीये."

काकांनी कॅमेरा उचलला. बाहेरची काच ओली चिंब. पुसली. आतली काच दुधासारखी पांढरी. डोळ्याला लावून बघितलं तर खिडकी नाही, शेगडी नाही, सासूबाई नाहीत. नुसतं धुकं.

"आई!" काकू ओरडल्या. "काय केलंस हे?"

"मी? मी काय केलं? घाम आलाय त्याला. घाम आला म्हणजे ताप उतरला."

काकांनी मनात हिशेब केला. आतलं पाणी सुकायला निदान संध्याकाळ व्हावी लागणार. बाहेर नेला तर त्याच पाण्याचा आत बर्फ होणार. घड्याळात सात पस्तीस.

"दांडा नाही दिसला तरी फोटो काढा आणि उंची लिहून पाठवा," काकू म्हणाल्या.

"लिहिलेलं चालत नाही. फोटोत मोजता आलं पाहिजे. नाहीतर फोटो बाद, म्हणजे संध्याकाळी दुसरा काढायचा आणि रकान्यात..." काकांच्या डोळ्यांसमोर तो चिंचोळा रकाना आला आणि त्यात लिहिलेली अक्षरं आली, 'सासूबाईंनी शेकला'. पलीकडच्या डोंगरावरचा माणूस निदान झोपला तरी होता.

तरी सवयीने काका अंगणात गेले, पावलांवर उभे राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बर्फ पांढरा, दांडा पांढरा, आकाश पांढरं, त्यात धुकं पांढरं. काळ्या रेघा तर कधीच विरघळल्या होत्या. काकांना रडू आवरेना, पण रडायचंही नाही, कारण अश्रूंची वाफ होते.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पायात काकांचे जुने बूट होते आणि हातात लाल-पिवळा मफलर.

"अहो, ह्यातून रंग दिसतात का?"

काकांनी कॅमेरा परत डोळ्याला लावला. धुक्यात एक लाल डाग होता, त्याच्या खाली एक पिवळा डाग. कडा नव्हत्या, पण डाग वेगवेगळे होते.

"दिसतात," काका म्हणाले.

"एक पट्टा दहा सेंटिमीटर. तुमच्याच पट्टीने मोजलाय. दांड्याच्या टोकापासून बर्फापर्यंत ताणून धरते. किती पट्टे बाहेर दिसतात ते मोजायचं, दोन मीटरमधून वजा करायचं. झालं."

बारा वर्षं ज्या बाईला काका उबेचं शास्त्र समजावत होते, तिने उभ्या उभ्या त्यांचं गणित सोडवलं होतं. मग त्यांना कुंपण आठवलं.

"पण आत पाय... बर्फ तुडवला जाईल."

"मागच्या बाजूने येते. पुढचा बर्फ जसाच्या तसा राहील. तुम्ही तिथेच उभे राहा, सात पन्नास झालेत."

काकू कुंपण ओलांडून आत गेल्या. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतल्या आणि जोरात हसल्या. दांड्यामागे उभं राहून त्यांनी मफलरचं एक टोक दांड्याच्या माथ्यावर धरलं आणि दुसरं खाली बर्फाला टेकवून बुटाने दाबलं. वारा होता. मफलर फडफडायला लागला तशी त्यांनी त्याला पोटाशी घट्ट धरलं. दारातून सासूबाई ओरडत होत्या, "अगं, कान झाक! जावईबापू, तिचे कान बघा!"

काकांनी श्वास रोखला. चेहरा आधी लाल, मग जांभळा. बेकरीतून ठोका ऐकू आला आणि काकांनी बटण दाबलं.

फोटो संगणकावर उघडला तेव्हा तिघंही त्याच्यापुढे वाकली होती. धुकंच धुकं, आणि मधोमध लाल-पिवळी शिडी. सासूबाईंनी बोटाने पट्टे मोजले. चौदा. म्हणजे साठ सेंटिमीटर बर्फ. काकांनी दांड्यावर डोळ्यांनी बघितलेलं होतं तेही साठच. तक्ता भरला. वेळ, आठ. विलंबाचे कारण, नाही. एवढ्या जोराने लिहिलं की कागद फाटला आणि दुसरा घ्यावा लागला.

दुपारी साहेबांचा फोन आला.

"काका, हे काय पाठवलंय?"

काकांनी खरं खरं सांगितलं. शेक, शाल, किटली, सगळं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. "मोजता येतंय," साहेब शेवटी म्हणाले. "चौदा पट्टे आम्हीही मोजले. फोटो मंजूर. पण मफलर धरून कोण उभं आहे?"

"बायको आहे, साहेब."

"चेहरा काही दिसत नाही हो."

"नाही दिसत," काका म्हणाले.

फोन ठेवून काकांनी बैठकीत जाऊन लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला आणि तो हात कुणाचा असावा ह्याचा विचार करायला लागले, आणि विचार करता करता त्यांना एकदम वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत दोन फोटो. एकात हात, दुसऱ्यात धुकं. दांड्याचं मात्र वर्षावर्षाचं तोंड फाइलमध्ये लखलखीत होतं.

काकूंना त्यांनी काहीच सांगितलं नाही. कॅमेरा संध्याकाळपर्यंत घरातच सुकवला आणि मग उरलेल्या दोन दिवसांसाठी सासूबाईंच्या उंचीच्या वर, गारखोलीतल्या खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशीचा फोटो स्वच्छ आला. आठ वाजता, विलंबाचे कारण नाही.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला.

ऊन पडलं होतं. वारा नव्हता. काका पावणेआठलाच पावलांवर उभे होते. बॅटरी गरम, काच कोरडी, कॅमेरा ठणठणीत. बेकरीवाला आज मुद्दाम दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता, हातात घड्याळ घेऊन, कारण शेवटचा दिवस आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पोस्टमनबाईही थांबली होती, पण लांब. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावून बघितलं. दांडा स्पष्ट, रेघा स्पष्ट, बर्फावरचा कणन् कण स्पष्ट. इतकं चांगलं दृश्य बारा वर्षांत मिळालं नव्हतं.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. सात छप्पन्न.

"अगं!" ते घराकडे तोंड करून ओरडले. "जरा बाहेर ये!"

काकू खिडकीत आल्या. "काय झालं? आईने परत काही केलं?"

"मी नाही हो केलं!" आतून सासूबाई.

"कुणी काही केलं नाही. तू दांड्याजवळ ये. फोटो काढायचाय."

"मफलर आणू?"

"मफलर नको. कॅमेरा चांगला आहे. तू ये."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "अहो, पण माझे केस बघा की! रात्रीची वेणी आहे ही. असे कसे..."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. सात सत्तावन्न. चिंचोळा रकाना त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. चौदाशे एकोणचाळीस 'नाही' त्यांच्या पाठीशी रांगेने उभे होते, आणि हा शेवटचा एक मिळाला की काम फत्ते.

"विंचरून ये," काका म्हणाले. "मी थांबतो."

खिडकी रिकामी झाली. घरात कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आणि सासूबाईंनी "डावीकडे भांग काढ, उजवीकडे तुला शोभत नाही" असं बजावल्याचा आवाज आला. सात एकोणसाठ. पोस्टमनबाई श्वास रोखून बघत होती. काका मात्र श्वास घेत होते. मग ठोका पडला. बारा वर्षांत पहिल्यांदा तो कोरडा गेला. काकांचं बोट सवयीने एकदा आखडलं, पण बटणावर त्यांनी ते ठेवलंच नव्हतं. बेकरीवाल्याने घड्याळ कानाला लावलं, हलवलं, काकांकडे बघितलं, परत हलवलं.

आठ वाजून चार मिनिटांनी काकू कुंपणाच्या मागच्या बाजूने आल्या. केस चापूनचोपून विंचरलेले, भांग डावीकडे. नको म्हटलं तरी लाल-पिवळा मफलर गळ्यात होताच, कारण कान झाकल्याशिवाय सासूबाईंनी सोडलं नव्हतं. त्या दांड्याशेजारी उभ्या राहिल्या, एक हात दांड्यावर ठेवला आणि काय करावं न सुचून दुसरा मागे लपवला.

"तोंडासमोर काही आणू नकोस," काका म्हणाले.

"काय आणणार?" काकू म्हणाल्या आणि हसल्या.

काका इतके खूश झाले की श्वास रोखायचं विसरले. वाफेचा एक मोठा ढग कॅमेऱ्याच्या पाठीवर बसला, पण पुढच्या काचेवर नाही. त्यांनी बटण दाबलं.

बेकरीवाल्याने त्याच दिवशी घड्याळ दुरुस्तीला टाकलं. काका आत येऊन टेबलाशी बसले आणि तक्ता पुढे ओढला. वेळ, आठ वाजून चार मिनिटे. बर्फाची उंची, अठ्ठावन्न. मग शेवटचा रकाना. काकू आणि सासूबाई दोघी मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"दार अडकलं लिहा," काकू कुजबुजल्या. "नाहीतर माझ्यावर घाला, आजारी होते म्हणा."

"ह्या रकान्यात मी कधी खोटं लिहिलेलं नाही," काका म्हणाले, आणि लिहिलं, 'पत्नी केस विंचरत होती'.

मग पेन खाली न ठेवता पुढे लिहिलं, 'फार छान विंचरले होते'. रकान्यात एवढी जागा नव्हती, म्हणून ते कागदाच्या समासात लिहावं लागलं.